सिद्दूरच्या पुढचं हिब्रू

प्रिय बाळ,

शालोम.

बारावी होण्याआधी गेमारा, म्हणजे आपल्या धर्मनियमांवरची जुनी चर्चा, तिचं एक तरी पान स्वतःच्या बळावर वाचायचंच, असं तू लिहिलंस. फार बरं वाटलं. सिनेगॉगमध्ये तू सिद्दूर, आपलं प्रार्थनेचं पुस्तक, किती भराभर वाचतेस ते मी ऐकलं आहे. आता मात्र तो वेग सोडावा लागेल. अर्थ लागला नाही तोवर त्या शब्दावरून पुढे सरकायचं नाही, ही सवय आधी लावून घे.

तुझ्या सिद्दूरमध्ये निकुद असतो, म्हणजे उच्चार सांगणारे ठिपके आणि रेघा. सेफेर तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या हस्तलिखित गुंडाळीत, तो नसतो. तिथे लामेद, मेम, दालेत ही तीन अक्षरं दिसली, की 'लामाद' म्हणजे शिकला वाचायचं की 'लिमेद' म्हणजे शिकवलं, हे मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. त्यासाठी धातू ओळखता यायला हवा आणि क्रियापदांचे सातही बिन्यान, म्हणजे धातूपासून क्रियापद घडवायचे साचे, तोंडपाठ हवेत. हे पाठांतर कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस.

इस्राएलमधल्या नातेवाइकांशी फोनवर बोलतेस, त्याचा उपयोग होईलच. पण तनाखचं, म्हणजे हिब्रू बायबलचं, व्याकरण निराळं. 'योमार' म्हणजे तो म्हणेल. त्याच्याआधी वाव हे अक्षर येऊन 'वायोमेर' झालं की तो म्हणाला. बाजारात असं कुणी बोलत नाही. म्हणून दोन्हींसाठी वेगळ्या वह्या ठेव.

मग राशी. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा हा भाष्यकार (1040–1105) शब्द अतिशय काटकसरीने वापरतो. उत्पत्ती या तोराच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीवर तो विचारतो: तोरा ही आज्ञांची, तर मग इस्राएलला मिळालेल्या पहिल्या आज्ञेपासून, निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापासून, ती सुरू का झाली नाही? इथे प्रश्न उघड मांडला आहे. पुढे बहुतेक ठिकाणी तो नुसतं उत्तर देतो. त्याला नेमकं काय खटकलं, ते तू शोधायचं. मला विचारशील तर सगळ्या अभ्यासातला खरा आनंद इथे आहे.

गेमारासाठी तिच्यातल्या बावा मेत्सिया या भागाचं पहिलं पान घे. दोघांनी एकच वस्त्र धरलंय. दोघंही म्हणतात, मला सापडलं, सगळं माझं. मिश्ना, म्हणजे गेमारा जिच्यावर चर्चा करते तो मूळ नियमग्रंथ, सांगते: आपला वाटा निम्म्याहून कमी नाही अशी शपथ प्रत्येकाने घ्यावी आणि वाटून घ्यावं. एक 'सगळं माझं' आणि दुसरा 'अर्धं माझं' म्हणाला, तर पहिल्याला तीन चतुर्थांश, दुसऱ्याला एक चतुर्थांश. आता थांब आणि विचार कर. सगळं माझं म्हणणाऱ्याला निम्म्याची शपथ का? गेमारालाही हा प्रश्न पडतो. तिची भाषा बरीचशी आरामी, आणि पानावर विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, हेही आपणच ओळखायचं. एकटीने बसू नकोस. हेव्रुता, म्हणजे अभ्यासातली जोडीदार, हवी, तीसुद्धा तुझं म्हणणं सहज मान्य न करणारी. दोघींनी मोठ्याने वाचा, मोठ्याने भांडा.

आणि मराठीला कमी लेखू नकोस. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. जोसेफ इझिकियल राजपूरकरांनी प्रार्थनेची कितीतरी पुस्तकं मराठीत आणली. त्या माणसांनी एकेका शब्दापाशी किती विचार केला असेल, ते स्वतः भाषांतर करायला बसलीस की कळेल. मात्र आधी तुझं भाषांतर, मग त्यांचं उघडायचं.

तनाखची सुरुवात यशायाच्या पुस्तकापासून नको, ते काव्य अवघड आहे. रूथ घे. चारच अध्याय, सरळ कथा. पहिल्या अध्यायाच्या बावीस ओळी निकुदशिवाय उतरवून काढ, प्रत्येक क्रियापदाखाली धातू आणि बिन्यान लिही, आणि अडेल तिथे अंदाज न लावता जागा कोरी सोड. वही पाठव. कोऱ्या जागा आपण शब्बाथनंतर मिळून भरू.

तुझा,
काका