घोरणं मध्येच थांबतं का?

"ह्यांच्या घोरण्यामुळे मी हॉलमध्ये झोपते. घरात सगळे हसतात. मीच फार नाजूक झोपेची आहे का?" हा प्रश्न घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असंच विचारणारे बरेच जण येतात. घोरणं ही सवय की आजार, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं म्हणजे उगाच बाऊ करणं नाही ना, ही त्यांची शंका असते.

त्या खरं तर भांडणांबद्दल बोलायला आल्या होत्या. नवरा पन्नाशीच्या आतला. गेल्या काही वर्षांत वजन वाढलेलं, कामात विसरभोळेपणा, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्याबसल्या डुलकी. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाढवूनही ते आटोक्यात येत नव्हतं. "आता माझ्यात रसच उरला नाही त्यांना," असा बाईंनी अर्थ लावला होता. बायको आपल्याला टाळायला वेगळी झोपते, असं नवऱ्याच्या मनात बसलं होतं.

मी त्यांना विचारलं, आवाज सलग येतो की मध्येच थांबतो?

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबतो ना. मला वाटतं, चला, आता शांत झोपले. आणि मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात. मी तोपर्यंत मनात आकडे मोजत असते."

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली की आत येणाऱ्या हवेने मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते, तेच घोरणं. वाट अरुंद व्हायला कारणं पुष्कळ. वाढलेलं वजन, विशेषतः मानेभोवतीची चरबी, सर्दी किंवा ॲलर्जीने चोंदलेलं नाक, नाकाचं वाकडं हाड, मोठे टॉन्सिल, मागे सरलेली हनुवटी. रात्रीचं मद्य आणि झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात. सिगारेटने घशाला सूज येते. उताणं झोपलं की जीभ मागे पडते. थायरॉइडचं काम मंदावल्यानेही घोरणं वाढू शकतं. सर्दीपुरतं किंवा कधीमधी घोरत असाल तर घाबरू नका. कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, झोपण्याआधीचं मद्य बंद करणं, नाकाचा इलाज, एवढ्यानेही अनेकांना फरक पडतो.

ती वाट पूर्ण बंद होऊ लागली की मात्र गोष्ट वेगळी. निदान 10 सेकंद श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा चालू करतो. हा स्लीप ॲप्निया. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून "मी तर आठ तास झोपलो" असं तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. दिवसभराची पेंग, सकाळची डोकेदुखी, कोरडं पडलेलं तोंड, रात्री लघवीला वारंवार उठणं, हटवादी ब्लडप्रेशर, चिडका स्वभाव हे सगळं त्यातूनच येऊ शकतं. उपचार झाले नाहीत तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर तपासणी होईपर्यंत कृपा करून गाडी चालवू नका.

पुढच्या भेटीला दोघं आले. बाईंनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणला होता. चिडवण्यासाठी नाही, डॉक्टरांना ऐकवण्यासाठी, असं आधी नवऱ्याला सांगायचं आमचं ठरलं होतं. ते नाखुशीनेच ऐकायला बसले. आवाज थांबला तेव्हा नकळत त्यांनी स्वतःचा श्वासही रोखून धरला. रेकॉर्डिंगमधला श्वास परत येईना, तेव्हा बायकोकडे वळून म्हणाले, "हे रोज ऐकतेस तू?"

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी झोपेची तपासणी करायला सांगितली. तासाला श्वासाचे किती अडथळे येतात ते यात मोजतात. मोठ्या माणसांत 5 ते 15 सौम्य, 30 किंवा जास्त म्हणजे तीव्र. त्यांचा आकडा 30च्या वर होता. सीपॅप यंत्र मिळालं. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. सुरुवातीला त्यांनी ते वैतागून काढून टाकलं होतं. मास्कचं माप बदलल्यावर जमलं. दिवसाची पेंग गेली, चिडचिडही बरीच उतरली. बाईंची दुखावलेली बाजू मात्र यंत्राने भरून निघणारी नव्हती, त्यावर आम्ही पुढे बरंच बोललो.

बायकांबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही हा त्रास वाढतो, पण लाजेपोटी त्या सांगत नाहीत. थकवा आणि झोप न लागणं एवढंच पुढे येतं. लहान मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर त्यालाही दाखवा. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातल्या गाठी) वाढलेले असू शकतात, आणि अशी मुलं पेंगण्याऐवजी अतिचंचल होतात.

डॉक्टरांकडे जाताना रेकॉर्डिंग आणि चालू गोळ्यांची यादी न्या. रात्री शेजारी जो जागा असतो, त्यालाही सोबत न्या. श्वास थांबतो का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्याचकडे असतं.