मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या ग्रुपवर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असा व्हिडिओ आलाय, सगळे धास्तावलेत आणि खरं-खोटं करायचं कसं ते कळत नाही. व्हिडिओकडे नंतर येते. आधी त्याच्यासोबतचा मजकूर पुन्हा वाचा. टोळीवाले कोण असल्याचं म्हटलंय? भिकारी, परप्रांतीय, रोहिंग्या, की बुरखा घातलेल्या बायका?

हे विचारण्याला कारण आहे. 2018 च्या जूनमध्ये आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. पुढे तेच दोघं परत येतात, मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता.

मुलं पळवणाऱ्यांच्या अशाच अफवा सगळीकडे पसरलेल्या असताना 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. एसटीतून उतरलेल्या पाच जणांवर लोकांना संशय आला. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलत होता, एवढं निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने त्यांना मारलं. पाचही जण गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं.

आता नीट बघा. कराचीच्या त्या व्हिडिओत मोटारसायकलवाले होते. झोळी नव्हती, भिक्षा नव्हती, भगवं काहीच नव्हतं. मग जमावाला गोसावी कुठून दिसले? ते आपल्या मनातून आले. 'जेवली नाहीस तर झोळीवाल्याला देऊन टाकीन' हे मी लहानपणी रोज ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असेल. अशा व्हिडिओंनी फक्त भीती आणली. ती कुणाच्या माथी मारायची हे आपलं आधीच ठरलेलं होतं.

16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, तेही मुलं पळवणारे आल्याच्या अफवेतून. त्यानंतर दोन-चार दिवसांत दुसरी अफवा उठली, की हे मुसलमानांनी केलं. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावं लागलं. मला ही दुसरी अफवा जास्त भयंकर वाटते. तिला एखादा बनावट व्हिडिओसुद्धा लागला नाही.

तपासायचंच तर व्हिडिओ मध्येच थांबवा, स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर बघा. गावाचं नाव, तारीख, पोलीस ठाणं यातलं काहीच नसेल तर तो पुढे पाठवू नका. कुणाचा खरंच संशय आला तर 112 ला फोन करा, स्वतः घेरायला जाऊ नका. आणि मजकुरात 'भिकारी' किंवा 'परप्रांतीय' लिहिलं असेल तिथे तुमच्या गावाचं, तुमच्या जातीचं नाव घालून वाचा. तरीही तुम्ही तो तितक्याच पटकन पुढे पाठवाल का?

आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ माझ्या मामीने टाकला होता. राईनपाड्याची बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ''अगं, डवरी गोसावी तर सुगीत आपल्या दारात यायचे. सुपाने जोंधळे घालायचो आम्ही त्यांना.''