सुनील गावसकर यांच्यासोबत सलामीला खेळण्यासाठी आदर्श जोडीदार कोण?

माझं उत्तर: चेतन चौहान. दुसरं नाव मनातही येत नाही.

बरेच जण श्रीकांतचं नाव घेतात, कारण तो मारायचा आणि गावसकरांवरचा भार हलका व्हायचा. पण कसोटीच्या सलामीत नवा चेंडू जुना करून देणारा माणूस लागतो, आणि ते चौहान अंगावर चेंडू झेलत करायचा. 40 कसोटींत 2084 धावा, 16 अर्धशतकं, एकही शतक नाही, सर्वोच्च 97. त्यामुळे लोक त्याला दुय्यम समजतात. मला ते मुळीच पटत नाही.

1979 ची ओव्हल कसोटी घ्या. इंग्लंडविरुद्ध चौथ्या डावात 438 धावांचं लक्ष्य. गावसकरांच्या 221 धावा सगळ्यांच्या तोंडी असतात, पण त्या डावाचा पाया 213 धावांच्या सलामीत होता आणि त्यात चौहानच्या 80 होत्या. भारत 8 बाद 429 वर थांबला, सामना अनिर्णित राहिला. 1981 ला मेलबर्नमध्येही याच जोडीने 165 जोडल्या, गावसकर 70, चौहान 85. त्याच डावात पायचीतच्या निर्णयावर चिडून गावसकर ज्याला सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले होते, तो चौहानच.

दोघांनी मिळून कसोटीत 10 शतकी सलाम्या दिल्या. आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: दिल्लीला जाण्याआधी चौहान रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळायचा, आणि त्याचं क्रिकेट घडलं ते पुण्यात.