सभासदांची नावे शोधताना

प्रश्न : सांगलीतील आमच्या वाचनालयाच्या सभासद-नोंदींमध्ये ‘शिंदे’ असे शोधल्यास ‘शिन्दे’ असे टंकलेले सभासद सापडत नाहीत. मिळतीजुळती नावे सुचवणारा शोध कसा तयार करावा?

उत्तर : एका नावाचे दुसरे करण्यासाठी किमान किती चिन्हे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, हे मोजणारी लेव्हेनश्टाइन अंतराची पद्धत येथे उपयोगी आहे, परंतु ती मूळ नावांवर थेट लावू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपिचिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘शिंदे’चे ‘शिन्दे’ होताना अनुस्वाराच्या जागी न येतो आणि हलन्त वाढतो, म्हणजे अंतर दोन. ‘मोरे’ आणि ‘माने’ या सर्वस्वी वेगळ्या आडनावांतील अंतरही दोनच भरते! म्हणून मूळ नावाला हात न लावता शोधासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा; त्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद काढावा, व्यंजनापूर्वीच्या अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार करावा आणि ‘कुळकर्णी’-‘कुलकर्णी’ जुळावेत म्हणून ‘ळ’चा ‘ल’ करावा. त्यानंतरच अंतर मोजावे, आणि आखूड नावांना एकाहून अधिक फरकाची मुभा देऊ नये.

सारख्या उच्चाराच्या नावांना एकच संकेत देणारी, 1918 साली पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत इंग्रजी लिपीतील आडनावांसाठी बेतलेली असल्याने देवनागरीला ती लावू नये.

सुचवलेल्या प्रत्येक नावापुढे वडिलांचे नाव व गाव अवश्य दाखवा आणि निवड ग्रंथपालांवर सोडा, कारण संगणकाने परस्पर नाव निवडल्यास मिरजेच्या सभासदाची वर्गणी तासगावच्या सभासदाच्या खात्यावर जमा होऊ शकते.