वडिलांचे आरोग्य कार्ड मुलगा काढू शकतो का?

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत. अर्धांगवायूमुळे वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे वय वंदना कार्ड (70 वर्षे व त्यावरील ज्येष्ठांचे आयुष्मान भारत योजनेचे आरोग्य कार्ड) काढायला गेलो, तर सेतूवाल्याने 'त्यांना घेऊन या' असे सांगितले. मी त्यांच्या वतीने अर्ज करू शकतो का? मुखत्यारपत्र लागेल का? आधारला जोडलेला त्यांचा जुना नंबरही बंद पडलाय.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : अर्ज तुम्ही भरू शकता आणि त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही. ओळख मात्र वडिलांचीच पटावी लागते. वडिलांना केंद्रावर नेण्याचीही गरज नाही, हे काम घरी होते.

या कामात दोन वेगवेगळे ओटीपी असतात आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. आयुष्मान अ‍ॅपमध्ये 'बेनिफिशियरी' (लाभार्थी) म्हणून शिरताना पहिला ओटीपी येतो. तिथे तुमचा नंबर चालतो. दुसरा ओटीपी ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचा. तो वडिलांच्या आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. तो नंबर बंद असल्याने तुम्ही चेहऱ्याची पडताळणी निवडा. त्यासाठी त्याच फोनमध्ये 'आधार फेस आरडी' हे अ‍ॅप आधी घेऊन ठेवा, ते नसेल तर पडताळणी पुढे सरकत नाही.

70 वर्षांवरील नोंदणीचा पर्याय निवडून राज्य, जिल्हा आणि वडिलांचा आधार क्रमांक भरा. त्यांना उशीला टेकवून बसवा, चष्मा काढा. उजेड समोरून येऊ द्या, मागे साधी भिंत किंवा चादर असू द्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि पडताळणी फसते. पापण्यांची उघडझाप करावी लागते, म्हणून ते जागे आणि ताजेतवाने असताना, शक्यतो सकाळी हे करा. पुढे कार्डासाठी वेगळा फोटो काढला जातो. तिथे जुन्या फोटोचा फोटो काढू नका. तो आधारवरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला जातो आणि न जुळल्यास अर्ज अडकतो. संपर्कासाठी घरातल्या चालू फोनचा नंबर द्या.

उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात. ती चुकीची असेल तर आधी तीच दुरुस्त करा. जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, म्हणून पक्का पुरावा हातात घेऊनच अर्ज करा.

कार्ड निघाले तरी आधारला नवा नंबर जोडून घ्याच. पोस्टमन घरी येऊन बोटांच्या ठशांवर हे काम करून देतो, जवळच्या टपाल कार्यालयात मागणी नोंदवा. वडील कधी बेशुद्धावस्थेत दाखल झाले, तर चेहऱ्याची पडताळणी होणार नाही. तेव्हा या नव्या नंबरवर येणारा ओटीपी उपयोगी पडेल.

प्रश्न : सुरगाण्याला माझी चुलत आजी एकटी राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही. माझे नाव तिच्या रेशनकार्डावर नाही. तरी मी तिचा आयुष्मान कार्डाचा अर्ज भरू शकते का? रेशनकार्डावर 'मंजुळाबाई' आहे, आधारवर फक्त 'मंजुळा'.
– एक वाचक, सिडको

उत्तर : भरू शकता. मदत करणारी व्यक्ती त्याच कुटुंबातली असावी अशी अट नाही. आजींना आधी सगळे वाचून दाखवा, त्यांची संमती घ्या आणि मगच पुढे जा. गावातल्या आशाताईंनाही कल्पना द्या. संपर्काला मात्र तुमचा नाशिकचा नंबर देण्यापेक्षा शेजारच्या विश्वासू माणसाचा द्या, कारण आजींना रात्री दवाखान्यात नेणारा तोच असेल.

नावातला 'बाई' क्षुल्लक वाटतो, पण अर्ज अडायला तेवढा पुरतो. आडनाव माहेरचे की सासरचे, तेही पाहा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यामुळे आधार बरोबर असेल तर त्याला हात न लावता तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून रेशनकार्ड दुरुस्त करून घ्या. आजी सत्तरीच्या पुढच्या असतील, तर वय वंदना कार्ड नुसत्या आधारवर निघते. मग रेशनकार्डासाठी थांबू नका. आणि कार्ड काढण्याला सरकारी शुल्क नाही, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : भाऊ आजच रुग्णालयात दाखल झालाय. रेशनकार्ड पेठच्या घरी राहिले आहे, आयुष्मान कार्डही काढलेले नाही. आता काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचा (सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा) कक्ष गाठा आणि दोन प्रश्न विचारा : रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि भावाच्या आजाराच्या विभागासाठी आहे का? हाडांसाठी मान्यता असलेल्या रुग्णालयाला हृदयासाठी ती असेलच असे नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. या योजनेत 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पांढरे रेशनकार्डही चालते. तातडीच्या रुग्णाची नोंद आधी करून कागद नंतर देण्याची सोय आहे. कोणता कागद कधीपर्यंत द्यायचा, ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. पेठहून रेशनकार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि मूळ कार्ड घेऊन कोणाला तरी लगेच निघायला सांगा.

हे सगळे बिल भरण्याआधी करा. योजना रोकडरहित आहे, भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. नोंद करायला टाळाटाळ झाली तर 155388 या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : मी अंबडला कंपनीत आहे, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. माझ्यावर अवलंबून असलेल्या 72 वर्षांच्या आईला वय वंदना कार्ड मिळेल का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : मिळेल. खासगी विमा असला तरी मिळते. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. घरात सत्तरीच्या पुढचे दोघे असतील तर कार्डाचे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण दोघांत मिळून असते.