मिश्री, बिअर, फिटच्या गोळ्या: गर्भातल्या मेंदूबद्दल तुमचे प्रश्न

गरोदरपणातली व्यसनं आणि औषधं यांवर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. आधी एक खुलासा. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा प्रथिनाचा रेणू. ठरावीक रसायन त्याला चिकटलं की पेशीत हालचाल सुरू होते. मोठ्या माणसाच्या मेंदूत रिसेप्टर निरोप पोचवतात. गर्भात त्यांच्याकडे बांधणीचंही काम असतं: कोणत्या पेशीने कुठे सरकायचं, कधी विभागायचं थांबायचं, कुणाशी जोडून घ्यायचं. म्हणून आईला किरकोळ वाटणारी गोष्ट बाळाला किरकोळ नसते.

सूनबाईला दिवस गेलेत. ती मिश्री लावते, पण सगळी थुंकून टाकते. मीही लावायची, माझी तिन्ही बाळंतपणं नीट झाली. तरी बाळाला धोका आहे का? (सातारा जिल्हा)

आहे, काकू. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात उतरतं, त्यामुळे थुंकून उपयोग नाही. आणि वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, त्याला अडवत नाही.

गर्भाच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे रिसेप्टर पहिल्या तिमाहीतच दिसू लागतात. ॲसिटिलकोलीन काम झालं की क्षणार्धात मोडलं जातं, म्हणजे इशारा येतो आणि संपतो. निकोटीन त्याच रिसेप्टरला चिकटतं, पण ते असं मोडलं जात नाही. इशारा रेंगाळतो, रिसेप्टर बधिर होतात आणि पेशीवर त्यांची संख्या वाढते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही वाढ पुन्हा पुन्हा दिसली आहे. संख्या जास्त, पण कामाची वेळ चुकलेली.

मला सर्वांत काळजी वाटते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास सांभाळणाऱ्या भागाची. झोपेत ऑक्सिजन कमी पडला तर बाळाने हालचाल करून जागं व्हायला हवं. निकोटीनमुळे ही प्रतिक्रिया मंदावते. धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये झोपेतले अचानक मृत्यू जास्त का आढळतात, याचं हे एक कारण मानलं जातं.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. सरासरी म्हणजे काहींना काहीच होत नाही, काहींना बरंच होतं. तुमची मुलं धडधाकट आहेत याचा आनंदच आहे, पण नातवंडाच्या बाबतीत तो भरवसा धरू नका. आणि सूनबाईला रागावू नका. सवय मोडणं अवघड असतं, घरात डबी समोर असेल तर फारच. तुम्हीही तिच्याबरोबर सोडा. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं.

पाळी चुकल्याचं लक्षात येण्याआधी एका लग्नात दोन दिवस बिअर घेतली. गर्भपात करावा का? (पुणे)

नाही. तेवढ्या कारणासाठी अजिबात नाही. एक-दोनदा थोडी बिअर घेतल्याने बाळाला इजा झालीच असेल, असं मानायला आधार नाही. आजपासून मात्र थेंबही नको, कारण सुरक्षित प्रमाण असं ठरवता आलेलं नाही. दारू पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर दाबते आणि पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या रिसेप्टरचा परिणाम वाढवते. वाढत्या मेंदूतल्या पेशींना जगण्यासाठी ठरावीक चलनवलन लागतं. ते थांबलं की त्या स्वतःला संपवतात. २००० साली उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत हे ठळकपणे दिसलं. त्या पिल्लांना दिलेली मात्रा मोठी होती, हेही ध्यानात ठेवा. डॉक्टरांना मोकळेपणाने सगळं सांगा.

इथे गांजा कायदेशीर आहे. मळमळीवर गांजाची गमी, म्हणजे चघळायची गोळी, घेतलेली चालेल, असं मैत्रीण म्हणते. (टोरांटो)

चालणार नाही. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, एवढ्याने गमी गर्भाला सुरक्षित ठरत नाही. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, ज्या सीबी-१ रिसेप्टरला चिकटतं, तेच रिसेप्टर गर्भात मज्जातंतूंना वाट दाखवतात. शिवाय टीएचसी चरबीत साठून हळूहळू बाहेर पडतं. मळमळीसाठी डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी अनेक वर्षं वापरात आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. आता मूल हवंय. गोळ्या बंद करू? (नाशिक)

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. गरोदरपणातली मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. पण व्हॅल्प्रोएट खरोखरच धोक्याचं आहे: सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग, आणि तीस-चाळीस टक्के मुलांत विकासाच्या अडचणी. ते मुख्यतः रिसेप्टरवाटे नव्हे, तर जनुकं चालू-बंद करण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करून नुकसान करतं असं दिसतं. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम अशा पर्यायांकडे जायला अनेकदा काही महिने लागतात, म्हणून दिवस जाण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा. फॉलिक ॲसिडचा डोसही तेच ठरवतील.

आमच्या दत्तक मुलीची जन्मदात्री ब्राउन शुगर घ्यायची. जन्मानंतर ती थरथरायची, सारखी रडायची. तिच्या मेंदूवर कायमचा परिणाम झाला असेल का? (मुंबई)

ती थरथर म्हणजे ओपिऑइड (अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या) रिसेप्टरना मिळणारा पुरवठा जन्मासरशी तुटल्याची प्रतिक्रिया. ती ओसरते. पुढे लक्ष, भाषा, वागणूक यांत काही मुलांना अडचण येते, सगळ्यांना नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या आयांच्या मुलांबद्दल ‘ही पिढी वाया गेली’ असा गहजब झाला होता. ती मुलं मोठी होताना तपासली तेव्हा परिणाम सापडले, पण त्या भाकितांपेक्षा कितीतरी सौम्य. घरची परिस्थिती तेवढीच, काही वेळा जास्त महत्त्वाची ठरली. तिची दृष्टी, श्रवण आणि बोलणं वेळेवर तपासून घ्या. मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखण्यासाठी जिल्हा पातळीवर असलेल्या सरकारी डीईआयसी केंद्रात या तपासण्या होतात. शाळेत तिच्या जन्माची कहाणी सांगायची गरज नाही. तिला मदत कशात लागते, एवढं सांगितलं तरी पुरे.