वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये आल्याआल्या अडखळणारे नवे खेळाडू

प्रश्न : ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या मायनर लीगमध्ये) धो धो हिट्स काढणारा एकवीस वर्षांचा बॅटर वर आला आणि पहिल्या शंभर ॲट-बॅटमध्ये त्याची सरासरी .१८० वर अडकली. त्याच्याबद्दल मत बनवायला किती वाट पाहायची?

उत्तर : शंभर ॲट-बॅटमधली (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या खेपांमधली) सरासरी जवळजवळ काहीच सांगत नाही. .१८० म्हणजे शंभरात १८ हिट्स, म्हणजे चेंडू मारून सुरक्षितपणे बेस गाठणं. ज्याची खरी कुवत .२५० ची आहे, त्याच्या शंभर ॲट-बॅटमध्ये सरासरीने २५ हिट्स व्हायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने त्यात चार-साडेचार हिट्सचा फरक सहज पडतो. असा बॅटर १८ किंवा त्याहून कमी हिट्सवर थांबण्याची शक्यता सोळात एक इतकी आहे. तीस संघांत मिळून दर हंगामात कितीतरी नवे बॅटर येतात, म्हणजे त्यांतले काहीजण केवळ नशिबाने .१८० वर दिसणारच. बॅटिंग सरासरीचा आकडा नशिबापेक्षा कुवतीबद्दल जास्त बोलू लागायला सुमारे ९०० ॲट-बॅट लागतात, म्हणजे दीड हंगामाहून जास्त.

सगळेच आकडे मात्र इतके आळशी नसतात. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं) प्रमाण सुमारे ६० प्लेट अपिअरन्समध्ये (वॉकसह बॅटिंगच्या सगळ्या खेपांमध्ये) बोलू लागतं आणि वॉकचं (मारण्याजोगे नसलेले चार चेंडू सोडून पहिला बेस मिळण्याचं) साधारण १२० मध्ये. त्यामुळे तीन आठवड्यांनी सरासरी बाजूला ठेवा, स्ट्राइकआउट बघा. दोन महिन्यांनी वॉकही बघा. ६० प्लेट अपिअरन्सनंतर निकाल लागतो असं मात्र समजू नका. त्या आकड्यात तोवर खेळाडूचा वाटा निम्मा असतो, उरलेला निम्मा अजून योगायोगाचाच.

प्रश्न : मग सामना बघताना नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

उत्तर : पहिली गोष्ट, स्ट्राइक झोनमधल्या (प्लेटच्या वर, साधारण गुडघे ते छाती या उंचीतल्या) फास्टबॉलचं तो काय करतो. मेजर लीगमधला फास्टबॉल सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो. झोनमधल्या अशा चेंडूला तो वेळेवर पोचतोय का, की बॅट सतत चेंडूखालून जाते आहे? झोनबाहेरच्या स्लायडरला (वळत खाली जाणाऱ्या चेंडूला) बॅट घालणं ही सवय आहे आणि सवय मोडता येते. पण झोनमधला फास्टबॉल हुकत असेल, तर दुखणं स्विंगच्या लांबीत किंवा हातांच्या वेगात असतं आणि ते बरं व्हायला वेळ लागतो. कधीकधी ते बरं होतच नाही.

दुसरी गोष्ट, काउंट, म्हणजे त्या खेपेतल्या बॉल (झोनबाहेरचे सोडलेले चेंडू) आणि स्ट्राइकची मोजणी. पिचर नव्या बॅटरला पहिले काही दिवस साधारणपणे फास्टबॉलने चाचपतात. तो मारला गेला की व्हिडिओ आणि आकडे सगळ्या संघांकडे पोचतात आणि रेसिपी बदलते: दोन स्ट्राइक होईपर्यंत छातीच्या उंचीवर फास्टबॉल, मग बाहेरच्या बाजूला मातीत पडणारा स्लायडर. इथून पुढे खरी परीक्षा. एक-दोनच्या काउंटवर (एक बॉल, दोन स्ट्राइक) मातीत पडलेल्या स्लायडरला एप्रिलमध्ये तो पूर्ण स्विंग करत होता, जूनमध्ये अर्ध्यावर थांबवतो आणि ऑगस्टमध्ये खांदाही हलवत नाही, असं दिसलं तर सरासरी तीच राहिली तरी पोरगा शिकतोय. महिन्यामागून महिना झोनबाहेरच्या चेंडूंवरच्या स्विंगचं प्रमाण मांडून बघा. एकूण आकड्यापेक्षा त्याची दिशा मोलाची.

तिसरी गोष्ट, त्याने मारलेला सर्वांत वेगवान चेंडू. चेंडूचा वेग मोजणाऱ्या स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे २०१५ पासून हे आकडे सगळ्यांना दिसतात. बॅटवरून ताशी ९५ मैल किंवा अधिक वेगाने सुटलेला चेंडू 'हार्ड हिट' मानतात. सरासरी वेग फसवू शकतो, पण ११२ मैलांचा एकही फटका कुणी नशिबाने मारत नाही. ताकद आहे हे एका फटक्यातही सिद्ध होतं; ती किती वेळा बाहेर येते हा पुढचा प्रश्न. जोरात मारलेले चेंडू थेट फिल्डरच्या हातात जात असतील तर धीर धरा. सगळेच दुसऱ्या बेसकडे घरंगळत जात असतील तर नशिबाला दोष देऊ नका.

न्यूयॉर्क यांकीजच्या आरन जजची २०१६ ची सुरुवात आठवा. २७ सामने, ९५ प्लेट अपिअरन्स, ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. मात्र त्यात चार होमरन होते आणि चेंडू बॅटला लागला की तो काय वेगाने जातो, ते दिसत होतं. पुढच्या वर्षी ५२ होमरन, १२७ वॉक आणि रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार). स्ट्राइकआउट तेव्हाही २०८ होते, पण प्रमाण ४४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांच्या आत आलं होतं. अशा ताकदीच्या बॅटरला तेवढी घट पुरते.

प्रश्न : सुरुवातीला असेच चाचपडणारे, पण पुढे काहीच न झालेले खेळाडूही असतीलच. दोघांत फरक कसा ओळखायचा?

उत्तर : दोन हंगाम शेजारी ठेवून बघा. १९७३ मध्ये फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटची सरासरी .१९६ होती आणि त्याचे १३६ स्ट्राइकआउट झाले. २०१० मध्ये एंजल्स संघाच्या ब्रँडन वुडची सरासरी .१४६ होती आणि त्याचे ७१. वुड काही साधा खेळाडू नव्हता. २००५ मध्ये मायनर लीगमध्ये त्याने ४० हून अधिक होमरन मारले होते. खेळायला मिळालेल्या संधीच्या मानाने दोघांच्या स्ट्राइकआउटचं प्रमाण जवळपास सारखंच, तीस टक्क्यांच्या आसपास. पण श्मिटने त्या हंगामात ६२ वॉक घेतले आणि १८ होमरन मारले. वुडचे वॉक सहा, होमरन चार.

म्हणजे श्मिटला चेंडू कुठे येतोय हे कळत होतं, फक्त लागत नव्हता. वुडला न आवडणारा चेंडू सोडताच येत नव्हता, म्हणून पिचरला झोनमध्ये टाकायची गरजच उरली नाही. श्मिट पुढच्याच वर्षी ३६ होमरनसह लीगमध्ये पहिला आला. वुड कायमचा जम बसवू शकला नाही. आमच्या मते पहिल्या वर्षाच्या आकड्यांत यापेक्षा बोलका फरक दुसरा नाही.

प्रश्न : खेळाडूला परत मायनर लीगमध्ये पाठवलं की त्याचं खच्चीकरण होत नाही का?

उत्तर : कशासाठी पाठवलं यावर ते आहे. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये दहा सामन्यांत ३४ पैकी २ हिट्स आणि १८ स्ट्राइकआउट करून खाली गेला. वय वीस. तिथे त्याला रोज खेळायला मिळालं, जे बाकावर बसून मिळालं नसतं. आठवड्यातून दोनदा खेळवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. त्यात ना सराव होतो ना अंदाज येतो.

नियमही लक्षात ठेवा. चाळीस जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन 'ऑप्शन वर्षं' असतात, म्हणजे ज्यांत संघ त्याला मायनर लीगमध्ये पाठवू शकतो अशी वर्षं. हंगामात तो एकूण वीस दिवसांपेक्षा कमी काळ खाली राहिला तर ते वर्ष खर्ची पडत नाही. २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर (इतर संघांसाठी खुल्या यादीत) टाकावं लागतं, मग दुसरा संघ त्याला उचलू शकतो. तेविसाव्या वर्षी ऑप्शन संपलेला खेळाडू म्हणूनच संघाला अडचणीचा वाटतो, खेळ कितीही सुधारत असला तरी.

प्रश्न : पिचरचं मोजमाप वेगळं असतं का?

उत्तर : हो. धावांची सरासरी (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) सोडा. स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा करा आणि फास्टबॉलचा वेग बघा. वेग कायम आहे, स्ट्राइकआउट येताहेत आणि तरीही धावा जाताहेत, तर बरेचदा दोष फिल्डिंगचा, नशिबाचा, किंवा ग्लव्ह स्लायडरच्या वेळी बोटभर उंच धरून चेंडू आधीच उघड करण्याच्या सवयीचा असतो. वेग दीड-दोन मैलांनी घसरला असेल तर आधी खांदा-कोपराची तपासणी.

ग्रेग मॅडक्स १९८७ मध्ये ६ विजय, १४ पराभव आणि धावांच्या ५.६१ सरासरीवर होता. पुढच्या वर्षी १८ विजय, ३.१८. रॉय हॅलाडेची गोष्ट अधिक अवघड. २००० मध्ये त्याची सरासरी १०.६४ होती. टोरंटोने २००१ मध्ये त्याला थेट मायनर लीगच्या खालच्या सिंगल-ए पातळीवर, डनीडिनला नेलं. कोच मेल क्वीनच्या हाताखाली त्याने सरळ वरून येणारा हात खाली आणला आणि सरळ फास्टबॉलऐवजी हलणाऱ्या चेंडूंवर भर दिला. २००३ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. इतक्या वाईट सरासरीतून परतणं दुर्मीळच आहे. दुरुस्ती नेमकी कुठे करायची हे कोचला माहीत होतं, म्हणून ते जमलं.

प्रश्न : ट्रिपल-एचे आकडे कितपत खरे मानायचे?

उत्तर : आधी मैदान बघा. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेक अशी उंचावरची मैदानं आहेत. विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि ब्रेकिंग बॉल कमी वळतो. तिथला .३१० आणि दमट हवेतल्या मैदानावरचा .२८० सारखेच असू शकतात. मग वय बघा. माइक ट्राउटने २०११ मध्ये मेजर लीगच्या ४० सामन्यांत .२२० काढले, पण आला तेव्हा तो १९ वर्षांचा होता, वर्षभरात तो .३२६ आणि ३० होमरनवर पोचला. हेच .२२० सव्वीस वर्षांच्या खेळाडूने काढले, तर सुधारणेला जागा कमी उरलेली असते. शेवटी, ट्रिपल-एमधले स्ट्राइकआउट आधीच २८-३० टक्के असतील, तर वर गेल्यावर ते वाढतील असंच धरून चाला.